तीस दिवसांची हरकत

भंडारा शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ९२ हजार होती, अख्ख्या जिल्ह्याची बारा लाख. एवढ्या आकाराच्या शहरात नगररचना हा काही चहाच्या टपरीवरचा विषय नाही. तो निघतो कॉलनीशेजारच्या मोकळ्या जागेवर जेसीबी येऊन उभा राहतो तेव्हा. मग सह्यांचे निवेदन तयार होते. ते नगरपरिषदेत जाते, तिथून जिल्हाधिकारी कार्यालयात, एखादी प्रत पालकमंत्र्यांना. दोन दिवसांनी पलीकडून उत्तर येते की ही मंडळी विकासविरोधी आहेत.

भंडारा, तुमसर, पवनी, साकोली किंवा अलीकडे नगरपंचायत झालेल्या लाखनी, लाखांदूर, मोहाडीत असे वाद उठतात, तेव्हा पहिला प्रश्न विचारावा तो हा: कागदावर त्या जागेवर काय लिहिले आहे? बऱ्याचदा असे दिसते की सह्या करणारे लोक शासनाने मंजूर केलेला आराखडाच राबवा असे म्हणत असतात. त्या आराखड्याला मुरड घालणारा हात दुसरीकडचा असतो आणि विरोधकाचा शिक्का मात्र शेजाऱ्यावर बसतो. हा उलटा हिशेब कसा तयार झाला, याचा हा आढावा.

आराखडा म्हणजे एकच नकाशा, हा आपला पहिला गैरसमज. नगरपरिषदेच्या हद्दीत १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाखाली केलेला विकास आराखडा असतो. त्याखाली मंजूर ले-आऊट असतात. ३ डिसेंबर २०२० पासून मुंबईसारखे काही भाग वगळता राज्यभर एकच बांधकाम नियमावली, म्हणजे एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, लागू आहे. नदीकाठच्या पूररेषा जलसंपदा विभागाच्या कपाटात. तलावांचे मालक निराळे. गावाबाहेरची झुडपे महसूल आणि वन या दोन खात्यांच्या ओढाताणीत. एखाद्या माणसाला आपल्या घरामागच्या जागेचे भवितव्य समजून घ्यायचे तर त्याने या सगळ्या कार्यालयांच्या पायऱ्या झिजवायच्या, आणि तिथे 'साहेब दौऱ्यावर आहेत' हे ऐकून परत यायचे.

पूर्व विदर्भात याहून जुना एक आराखडा आहे, ज्याला कुणी आराखडा म्हणत नाही: निस्तारपत्रक. मध्य प्रांताच्या काळापासून इथल्या गावांत चराई, जळण, आखर, स्मशान, तलावाचे पाणी, माती-मुरूम यांचे हक्क लिहून ठेवलेले आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने कलम १६१ पासून पुढे हा वारसा सांभाळला. त्या कलमात एक तरतूद आहे, आणि ती आजच्या कुठल्याही नियमावलीपेक्षा लोकांच्या जवळची आहे. निस्तारपत्रकाचा मसुदा गावात प्रसिद्ध करायचा, गावकऱ्यांची इच्छा जाणून घ्यायची, आणि मगच तो अंतिम करायचा. वाजिब-उल-अर्ज या दुसऱ्या नोंदवहीत रस्ता, पाणी, मासेमारी यांच्या वहिवाटी असतात. मालगुजारी गेली तरी हे कागद रद्द झाले नाहीत. मात्र गावाच्या शिवारात ले-आऊट पडतो तेव्हा ते काढून पाहण्याची तसदी फारसे कुणी घेत नाही. ग्रामपंचायतही नाही, आणि प्लॉट घेणारे तर नाहीच.

तलावांचे उदाहरण घेऊ, कारण भंडाऱ्याची ओळखच तलावांचा जिल्हा अशी आहे. कोहळी समाजाच्या लोकांनी गोंड राजांच्या काळापासून बांधलेले तलाव मालगुजारांकडे गेले आणि १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्यानंतर सरकारजमा झाले. तेच आजचे माजी मालगुजारी, बोलीभाषेत मामा तलाव. शंभर हेक्टरपर्यंत ओलीत करणारे जिल्हा परिषदेकडे, मोठे जलसंपदा विभागाकडे. आता तलाव बुजवायचा तर तलावात मुरूम टाकावा लागत नाही. वरच्या अंगाला, जिथून पाणी वाहत येते त्या उतारावर ले-आऊट पडतो, नाला वळवून सिमेंटच्या नालीत घातला जातो, सांडव्यासमोर भिंत उभी राहते. पाच-सात वर्षांत तलाव एक तर कोरडा पडतो, नाही तर पाळ फोडून वस्तीत शिरतो. सातबाऱ्यावर तलावाचे क्षेत्र जसेच्या तसे असते. तक्रार करणाऱ्या शेतकऱ्याला अतिक्रमण दाखवता येत नाही, कारण ते तलावाच्या हद्दीत झालेलेच नसते.

कायदा इथे अर्धवट आधार देतो. हिंचलाल तिवारी खटल्यात २००१ मध्ये आणि जगपाल सिंग खटल्यात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावतळी आणि सामाईक जमिनी वाचवण्याचे बजावले. जगपाल सिंग निकालानंतर राज्य शासनाने १२ जुलै २०११ च्या निर्णयाने गायरान वाटपाला लगाम घातला. पण २०१७ च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येतून पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी खास बांधलेले मानवनिर्मित जलाशय वगळलेले आहेत, आणि मामा तलाव तर बांधलेच होते धानाच्या ओलितासाठी. नागपूरच्या फुटाळा तलावाच्या खटल्यात २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच धरून तो तलाव नियमांच्या अर्थाने पाणथळ नाही असे ठरवले. मात्र सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व मानवनिर्मित जलाशयांनाही लागू होते, हेही न्यायालयाने सांगितले. म्हणजे भंडाऱ्याच्या तलावाकाठी लढणाऱ्याने पाणथळ नियमांवर भिस्त ठेवू नये. निस्तारपत्रक, तलावाची मोजणी आणि हा विश्वस्ततेचा मुद्दा, एवढी तीनच हत्यारे त्याच्याकडे उरतात.

झुडपी जंगलाचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतली सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन महसुली दप्तरात या नावाने आहे. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ती वनजमीनच असल्याचा निकाल दिला. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी झालेल्या वाटपांसाठी केंद्राच्या मंजुरीचा मार्ग ठेवला, नंतरच्या वाटपांवर कडक नजर ठेवायला सांगितले. या जमिनींवर शाळा आहेत, सरकारी कचेऱ्या आहेत, दफनभूमी आहेत, आणि गरिबांची घरेही आहेत. इथे कागदाचा आधार घेऊन लढणाऱ्याने जरा थांबायला हवे. शेजारच्या झुडपीवर मंगल कार्यालय नको म्हणणे वेगळे, आणि त्याच झुडपीवर तीस वर्षे राहणाऱ्या भूमिहीनाला उठवा म्हणणे वेगळे. २०२२ मध्ये गायरान अतिक्रमणांचा विषय मुंबई उच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा राज्यभर नोटिसा निघाल्या आणि घाबरलेले लोक रस्त्यावर आले. आराखड्याची बाजू घेणे म्हणजे दर वेळी गरिबाच्या विरोधात उभे राहणे होऊ नये, एवढे भान हवे.

आता नदी. वैनगंगेकाठी वसलेल्या भंडाऱ्यात नियोजनाची सर्वांत कठोर रेषा निसर्गानेच ओढून दिलेली आहे. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत पक्के बांधकाम नको, दोहोंच्या मध्ये जोते पूरपातळीच्या वर ठेवण्यासारख्या अटींवर चालेल, असा साधारण नियम. ऑगस्ट २०२० च्या शेवटी मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचे पाणी सुटले, खाली गोसीखुर्दचे सगळे ३३ दरवाजे उघडावे लागले आणि भंडारा शहराच्या वस्त्यांत पाणी शिरले. त्या चार दिवसांनी शहराला जे शिकवले ते नगररचनेच्या कुठल्याही पुस्तकात नाही. तरीही नदीकाठी भराव घालून जागा उंच करण्याची धडपड दिसली की शेजारी बोलतो, आणि त्याला समजावले जाते की हा प्लॉट खाजगी आहे. प्लॉट खाजगी असेल, पण त्यावर घातलेल्या भरावामुळे बाजूला सरकलेले पाणी खाजगी नसते.

गोसीखुर्दचा उल्लेख आलाच आहे तर त्याच्यापाशी थोडे थांबू. २२ एप्रिल १९८८ ला पवनी तालुक्यात राजीव गांधींच्या हस्ते या धरणाचे भूमिपूजन झाले. मूळ अंदाज ३७२ कोटींचा. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला आणि पुढे खर्च अठरा हजार कोटींच्या पलीकडे गेला. अडीच लाख हेक्टर ओलिताचे स्वप्न होते. बाधित गावांनी गेल्या साडेतीन दशकांत मोर्चे काढले, धरणे धरली, पाण्यात उतरले. बाहेरच्यांना तो धरणविरोध वाटला. प्रत्यक्षात आंदोलनाच्या मागण्या वाचल्या तर त्यांत मुख्यतः पुनर्वसन कायद्यातल्याच गोष्टी सापडतात: नव्या गावठाणात अठरा नागरी सुविधा, वाढीव मोबदला, नोकरी किंवा तिच्याऐवजी रक्कम. २०१३ मध्ये सुमारे बाराशे कोटींचे विशेष पॅकेज जाहीर झाले, ते जुन्या कागदावरची बाकी फेडण्यासाठी. वर आणखी एक गोष्ट कुणाच्याच आराखड्यात नव्हती. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत येते आणि धरणाच्या फुगवट्यात साठते. ज्या नदीचे पाणी भंडारा पितो, तिच्यात दुसऱ्या शहराने आपले नियोजन अपुरे ठेवल्याचा हिशेब जमा होतो. याविरुद्ध बोलणाऱ्या भंडारेकराला विकासविरोधी म्हणणाऱ्याने एकदा उन्हाळ्यात कारधा पुलावर उभे राहून पाहावे.

शहराच्या कडेला, गणेशपूर, खोकर्ला, भोजापूर अशा लगतच्या गावांत, वाद वेगळ्या जातीचे. इथे ग्रामपंचायत आहे, पण वस्ती शहरी आहे. अकृषक परवानगी घेतलेले ले-आऊट आहेत आणि गुंठ्यागुंठ्याने विकलेलेही. ०.४ हेक्टरपेक्षा मोठ्या ले-आऊटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ले-आऊटचा नकाशा मंजूर करताना ती हिरव्या रंगात दिसते. प्लॉट विकले जातात, ले-आऊटवाला निघून जातो आणि त्या 'ओपन स्पेस'चा कुणी धनी उरत नाही. मग तिथे आधी एक चबुतरा, मग शेड, मग आमदार निधीतून सभागृह, आणि कधी पाण्याची टाकी. यातली प्रत्येक गोष्ट कुणाला ना कुणाला हवी असते, म्हणून विरोध करणारा एकटा पडतो. देवाच्या नावाने बांधकाम झाले तर त्याची अवस्था विचारू नये. सार्वजनिक जागेवर विनापरवाना नवे धार्मिक बांधकाम होऊ देऊ नका, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००९ मध्ये सांगितलेले आहे. ते वाक्य कॉलनीच्या बैठकीत म्हणून दाखवायला धाडस लागते.

आणि इथेच शेजाऱ्याची दुखरी बाजूही आहे. बऱ्याच निवेदनांवर सही करणाऱ्याचे स्वतःचे घर नकाशाबाहेर दोन-तीन फूट आलेले असते, किंवा प्लॉटच गुंठेवारीचा असतो. अधिकारी नेमके तेच दाखवून त्याला गप्प करतात. यावर एकच उत्तर आहे: दोन्हीची फाईल काढा. पण ते म्हणण्याची तयारी क्वचित असते, आणि त्यामुळे पुष्कळ खरे विरोध अर्ध्यावर विझतात.

१९६६ च्या नगररचना कायद्याने शेजाऱ्याला बोलायची जागा नेमकी कुठे दिली आहे? प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की कलम २६ प्रमाणे नगरपरिषद क्षेत्रात तीस दिवस. दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या महापालिकांना साठ. त्या तीस दिवसांत कुणीही नागरिक हरकत किंवा सूचना देऊ शकतो, नियोजन समितीपुढे त्याची सुनावणी होते. नंतर आराखड्यात भरीव बदल करायचा तर पुन्हा नोटीस काढावी लागते, आणि किरकोळ फेरबदलासाठी कलम ३७ खाली महिनाभराची. या खिडक्या खऱ्या आहेत, पण त्या उघडल्याचे कळते कसे? राजपत्रात, वृत्तपत्राच्या आतल्या पानावरच्या बारीक टायपात, आणि नगरपरिषदेच्या भिंतीवर. नकाशावर सर्व्हे नंबर असतात, लोक जागा ओळखतात ती 'पाटलाच्या वाडीमागे' म्हणून. परिणाम असा की हरकतींच्या गठ्ठ्यात बहुसंख्य कागद जमीनमालकांचे असतात: माझ्या जागेवरचे बगीच्याचे, शाळेचे, रस्त्याचे आरक्षण उठवा. जमीनमालकाला कळते कारण त्याचा पैसा गुंतलेला आहे. ज्या मुलांना तो बगीचा मिळायचा आहे त्यांच्या बापाला कळत नाही. नगरपरिषद म्हणते, हरकती घेतल्या, सुनावणी झाली. तेही खोटे नसते.

पुढचा टप्पा दहा वर्षांनी येतो. आरक्षित जागा दहा वर्षांत संपादित झाली नाही तर मालक कलम १२७ खाली खरेदीची नोटीस देतो. त्यानंतर २४ महिन्यांत नगरपरिषदेने पावले उचलली नाहीत तर आरक्षण संपते. लहान नगरपरिषदेची तिजोरी पाहता पुढे काय होते हे सांगायला नको. मालकाचा यात दोष नाही. वर्षानुवर्षे आपली जमीन अडकून राहावी असे कुणाला वाटेल? पण आरक्षण गेल्याची बातमी शेजाऱ्याला मिळते ती पायाचे खड्डे खणल्यावर. त्याच्या बाजूने लढायला तेव्हा काही उरलेले नसते.

बांधकाम परवानगीच्या वेळी तर त्याला दारच नाही. परवानगी नाकारली किंवा जाचक अट घातली तर कलम ४७ खाली अपील करता येते. कुणाला? अर्जदाराला. परवानगी चुकीची दिली म्हणून शेजाऱ्याला अपील नाही. त्याने थेट उच्च न्यायालयात जावे, म्हणजे भंडाऱ्याहून नागपूर, वकिलाची फी, तारखा. माझ्या मते या साऱ्या विषयातली सर्वांत मोठी विषमता हीच आहे. कायद्याला बांधणारा दिसतो, त्याच्या शेजारी राहणारा दिसत नाही.

न्यायालयांना मात्र तो दिसलेला आहे, आणि बराच आधी. उडुपीसारख्या लहान गावात रहिवासी भागात कल्याणमंडपाच्या नावाने मंजूर झालेल्या जागेवर सिनेमागृह उभे राहत होते. एक शेजारी भांडला. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची बाजू घेतली आणि नगररचना योजनेच्या विरुद्ध दिलेली परवानगी टिकत नाही असे ठरवले. १९९१ मध्ये बंगळूरच्या रहिवाशांनी उद्यानासाठी राखीव जागा खाजगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय रद्द करून घेतला. रुग्णालय वाईट असते म्हणून तो निर्णय गेला नाही, जागा उद्यानाची होती म्हणून गेला. पुण्यात प्रभात रस्त्यावरच्या प्राथमिक शाळेच्या आरक्षित भूखंडावर इमारत उभी राहिली, विकासक तत्कालीन मुख्यमंत्री मनोहर जोशी यांचे जावई होते. १९९९ च्या जानेवारीत जोशी पदावरून गेले, त्याच वर्षी उच्च न्यायालयाने ती परवानगी बेकायदा ठरवली, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केले. नोएडात एमराल्ड कोर्टच्या रहिवाशांनी मूळ नकाशातली हिरवी जागा दाखवत लढा दिला, तेव्हा २८ ऑगस्ट २०२२ ला दोन मनोरे पाडले गेले. या सगळ्या लढायांत जिंकणाऱ्याच्या हातात मंजूर नकाशा होता. आणि बहुतेकांत त्या जागेच्या मूळ कामाचा हंगाम निकालापूर्वीच निघून गेला होता. पुण्यात ज्या मुलांसाठी शाळा होती ती मुले २०११ पर्यंत नोकरीला लागली असतील.

एकट्याने कोर्टात जाण्याचा मार्ग सोडून आराखड्यावरच हल्ला चढवणारी उदाहरणे दोन. वसईत हरित पट्टा बांधकामाला खुला होऊ लागला तेव्हा ऐंशीच्या दशकाच्या शेवटी फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. गोव्यात प्रादेशिक आराखडा २०११ विरुद्ध गोवा बचाव अभियानाने गावोगावी नकाशे उघडून दाखवले आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो आराखडा रद्द करावा लागला. गोव्याच्या लढ्यातली कामाची गोष्ट मोर्चा नाही, ते नकाशावाचन आहे. ग्रामसभेत सर्व्हे नंबर वाचून 'हे आपले शेत, हे आपले डोंगराचे पाणी' असे सांगणारे लोक तयार झाले होते. तसे काम इकडे झाडीपट्टीत कुणी केले तर फार मोठे होईल.

प्रत्येक विरोध पवित्र नसतो, हेही नोंदवायला हवे. कचरा प्रक्रिया केंद्र, मलनिस्सारण प्रकल्प, दहनभूमी, वसतिगृह यांना होणारा शेजाऱ्यांचा विरोध अनेकदा आराखड्याच्या विरुद्ध असतो. काही वेळा त्यामागे जातीचे गणित असते आणि त्याला वाहतुकीचे नाव दिले जाते. सगळ्या विरोधांना तोच निकष लावावा: कागदावर जागा कशासाठी आहे. आणि विकास अडतो तो विरोधामुळेच, हा समजही तपासावा. साकोली तालुक्यात मुंडीपारला भेलच्या कारखान्याचे भूमिपूजन २०१३ मध्ये झाले. जमिनी गेल्या, कारखाना आला नाही. तिथे अडवायला कुणी उभे नव्हते.

डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनधिकृत बांधकामांबाबत दिलेल्या निर्देशांत एक अगदी साधी गोष्ट आहे: बांधकाम चालू असताना मंजूर नकाशा जागेवर लावून ठेवायचा. भंडारा, तुमसर, पवनी आणि साकोलीच्या नगरपरिषदांनी तेवढे जरी पाळले तरी निम्म्या अफवा आणि निम्मी बेकायदा कामे आपोआप कमी होतील. त्याच्या जोडीला प्रारूप आराखडा प्रभागाप्रभागात, सर्व्हे नंबरासोबत लोकांच्या तोंडी असलेल्या खुणा घालून लावावा. ले-आऊटच्या मोकळ्या जागा नगरपरिषदेच्या वा ग्रामपंचायतीच्या नावावर चढवून त्यांची यादी जाहीर करावी. कलम १२७ ची नोटीस आली की ती त्याच आठवड्यात त्या जागेवर फलक लावून सांगावी. यांपैकी कशालाही नवा कायदा लागत नाही.

नवा कायदा लागतो तो एकाच ठिकाणी, कलम ४७ ला. परवानगीने बाधित होणाऱ्या शेजाऱ्याला मुदतीत आणि माफक शुल्कात अपील करता यावे, एवढी दुरुस्ती विधिमंडळाने करावी. जिल्ह्यातल्या आमदारांनी ती मागावी. आणि वाचकाने तोवर या आठवड्यात आपल्या नगरपरिषदेत जाऊन आपल्या वॉर्डाचा मंजूर आराखडा आणि ले-आऊटचा नकाशा मागावा. गावात राहत असाल तर तहसील कार्यालयात निस्तारपत्रकाची नक्कल मागा. माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात.